चाळीतला कांदा जिवंत की निर्जीव?

ताई, तुमच्या मुलीने विचारलंय की पुस्तकात सजीवांची लक्षणं म्हणून वाढ, हालचाल, प्रजनन दिलं आहे आणि चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) महिनोन् महिने पडलेला उन्हाळ कांदा यातलं काहीच करत नाही, मग तो निर्जीव का? प्रश्न फार चांगला आहे. कांदा जिवंत आहे, आणि हे नाशिक जिल्ह्यातला प्रत्येक कांदा उत्पादक कृतीतून मान्य करतो.

चाळीत खालून आणि बाजूने हवा खेळती ठेवतात, कारण कांद्याच्या पेशी श्वसन करत असतात. साठवलेली साखर ऑक्सिजनच्या मदतीने मोडून ऊर्जा मिळवतात. कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर पडते. हवा कोंडली की ढीग आतून गरम होतो, दमट होतो, मग सड लागते. वजनात येणारी घटही काही अंशी श्वसनामुळेच, बाकी पाणी उडून गेल्यामुळे.

लासलगावला भाभा अणु संशोधन केंद्राने २००२ मध्ये विकिरण केंद्र उभारलं. तिथे गॅमा किरणांचा हलका मारा केला की कोंबाच्या पेशींचं विभाजन थांबतं आणि कांद्याला मोड येत नाहीत. तरी त्याचं श्वसन चालूच राहतं! म्हणजे वाढ थांबली, जीव गेला नाही. म्हणून मुलांना शिकवताना मी लक्षणांची यादी पाठ करून घेत नाही, श्वसन आणि चयापचयापासून सुरुवात करतो.

अख्खा कांदा मात्र सारखाच जिवंत नसतो. वरचा कागदासारखा पापुद्रा मेलेल्या पेशींचा, आतल्या मांसल पाकळ्या जिवंत. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात ज्या पेशी पाहिल्या त्याही मेलेल्याच होत्या, नुसत्या भिंती उरलेल्या. तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसली एवढ्याने ती जिवंत ठरत नाही.

जिवंतपणा तपासायचा तर पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचा पातळ पडदा, पाहावं लागतं. आत काय घ्यायचं आणि बाहेर काय ठेवायचं हे तेच ठरवतं, आणि पेशी मेली की ही निवड संपते. गडद रंगाचा लाल कांदा घ्या. मांसल पाकळीच्या बाहेरच्या बाजूची जांभळट पातळ साल चिमट्याने ओढून काचपट्टीवर पाण्यात पसरा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. रंग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाण्याने भरलेल्या पिशवीत, असतो, त्यामुळे पेशी दिसायला आयोडीनने रंगवावं लागत नाही. (केंद्रक दाखवायचं असेल तर आतल्या पांढऱ्या सालीवर आयोडीन टाका.) अर्धा कप पाण्यात चहाचा एक चमचा मीठ विरघळवून त्याचे थेंब सोडा. काही मिनिटांत जांभळा भाग आक्रसून पेशीभित्तिकेपासून (पेशीच्या बाहेरच्या कडक भिंतीपासून) सुटतो, कारण पाणी बाहेर जातं आणि रंग आतच अडतो. मग साधं पाणी द्या, तो पुन्हा पसरतो. मीठ जास्त वेळ ठेवलं तर पेशी मरतात, म्हणून फार थांबू नका.

हाच प्रयोग उकडलेल्या कांद्याच्या सालीवरही करा. तिथे रंग आधीच पाण्यात उतरलेला असेल आणि मीठ टाकून काहीही आक्रसणार नाही. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून मुलीलाच विचारा, यातली जिवंत कोणती आणि कशावरून.