१४२ धोके आणि जवळजवळ सगळेच ‘मध्यम’: क्रम कसा लावायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीत मासळी-प्रक्रियेचा कारखाना, अमोनियावर चालणारं रेफ्रिजरेशन, धोक्यांच्या नोंदवहीत १४२ ओळी आणि त्यातल्या शंभरावर ‘मध्यम’. ऑडिटरने पहिले दहा धोके विचारले आणि तुम्ही अडलात.

नोंदवहीत प्रत्येक धोक्याला तीव्रता आणि शक्यता यांचे १ ते ५ गुण देऊन त्यांचा गुणाकार करतात. हा गोंधळ त्या गुणाकाराने होतो. तीव्रता ५ आणि शक्यता १ घेतली तर उत्तर ५. तीव्रता १ आणि शक्यता ५ घेतली तरी ५. म्हणजे रिसिव्हरची (द्रव अमोनियाच्या टाकीची) लिक्विड लाइन फुटणं आणि मासळी कापताना बोटाला चरा जाणं एकाच पायरीवर बसतात. ऑडिटरसाठी गुणाकाराचा रकाना ठेवा, पण क्रम त्यावरून लावू नका. आधी तीव्रता ५ च्या, म्हणजे माणूस दगावू शकतो अशा सगळ्या ओळी वेगळ्या काढा, शक्यता कितीही कमी लिहिलेली असो. साधारण वीस-पंचवीस निघतील. क्रम त्यांच्यातच लावायचा आहे. बाकीच्यांना गुणाकार पुरतो.

तीव्रता लिहिताना एक चूक सर्रास होते: ‘नियंत्रणानंतर’च्या रकान्यात ती ५ वरून ३ वर येते आणि कारण दिलेलं असतं ‘हातमोजे, गॉगल, प्रशिक्षण’. हातमोज्यांनी अमोनियाचा फवारा सौम्य होत नाही. तीव्रता खाली येते ती यंत्रणेतला अमोनिया कमी केला तर, किंवा माणूस तिथून हलवला तर. बाकी उपाय फार तर शक्यता कमी करतात.

शक्यतेसाठी ‘क्वचित’, ‘कधीकधी’ असले शब्द काढून टाका. प्रत्येकाचं क्वचित वेगळं असतं. त्याऐवजी असं धरा: ५ म्हणजे महिन्यातून एकदा तरी, ४ म्हणजे वर्षातून एकदा, ३ म्हणजे कारखान्याच्या आयुष्यात एकदा, २ म्हणजे अशाच दुसऱ्या कारखान्यात घडलेलं, १ म्हणजे एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन अडथळे, म्हणजे अपघात रोखणारे उपाय, एकाच वेळी निकामी झाले तरच. ‘आमच्याकडे आजवर झालेलं नाही’ एवढ्यावर १ देता येत नाही.

आता त्या वीस-पंचवीस ओळी घ्या आणि प्रत्येकीसमोर किती अडथळे खरोखर जिवंत आहेत ते मोजा. कागदावरच्या प्रत्येक उपायाला तीन प्रश्न विचारायचे: शेवटची चाचणी कधी झाली, कोणी केली, आणि वीज गेल्यावर तो चालतो का? गॅस डिटेक्टर भिंतीवर आहे, पण चाचणीचा अमोनिया वायू देऊन सेन्सर तपासला नसेल तर तो शून्य धरा. कॉम्प्रेसर रूमच्या एक्झॉस्ट पंख्याचा स्विच त्याच खोलीत असेल तर गळतीच्या वेळी तो लावायला आत कोण जाणार? तोही शून्य. सेफ्टी व्हॉल्व्ह पाच वर्षांत बदललेला नसेल तर अर्धा. ज्या ओळीसमोर जिवंत अडथळा एकच उरतो ती वर, एकही नाही ती सगळ्यांत वर.

उदाहरण म्हणून ऑइल पॉटमधून, म्हणजे यंत्रणेतलं तेल जिथे जमतं त्या भांड्यातून, तेल काढणं घ्या. नोंदवहीत ते बहुतेकदा ‘तेल सांडून पाय घसरणे’ या नावाने असतं. खरा धोका वेगळा आहे. थंड तेल घट्ट होऊन व्हॉल्व्ह तुंबतो, ऑपरेटर तो आणखी उघडतो, गाळ अचानक सुटतो आणि तेलामागून द्रव अमोनिया येतो. वायू झाल्यावर त्याचं आकारमान साधारण ८५० पट होतं. हवेत ३०० पीपीएम (दहा लाख भागांत ३०० भाग) अमोनिया तिथल्या तिथे जिवाला धोकादायक मानतात, आणि अशा फवाऱ्याजवळ तो आकडा केव्हाच मागे पडतो. म्हणून क्रम असा: पॉट आधी मुख्य व्हेसलपासून बंद करायचा, आतला अमोनिया कॉम्प्रेसरच्या सक्शनकडे जाऊ द्यायचा, पॉट कोमट होऊ द्यायचा, मगच तेल काढायचं. बाहेरचा व्हॉल्व्ह स्प्रिंगचा हवा, हात सोडला की आपोआप बंद होणारा. दोन माणसं, तोंडावर हिरव्या पट्ट्याच्या के-प्रकारच्या कॅनिस्टरचा (अमोनिया गाळणाऱ्या डब्याचा) पूर्ण मास्क. मात्र मोठ्या गळतीत कॅनिस्टर उपयोगाचा नाही, तिथे पाठीवर सिलिंडरचा श्वसनसंच लागतो. साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी मारू नका, तो आणखी जोरात उकळतो. पाण्याचा बारीक फवारा फक्त ढगावर.

यादी यंत्रांप्रमाणे केलेली असेल तर आणखी एक मोठी जागा सुटते. ती कामांप्रमाणे, खरं तर कॅलेंडरप्रमाणे करा. गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. माल कमी येतो, म्हणून ओव्हरहॉल याच दिवसांत निघतं: लाइन उघडणं, वेल्डिंग, बाहेरचे कंत्राटी कामगार, आणि वर धो धो पाऊस. मार्चमध्ये केलेला क्रम जूनमध्ये उलटा होतो. लाइनवर दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करून मध्ये द्रव अमोनिया अडकवला तर तो तापून फुगतो आणि पाइप किंवा व्हॉल्व्हची बॉडी फोडतो. पंप-आउट न करता, म्हणजे आतला द्रव काढून न घेता, व्हॉल्व्ह बंद करायचा नाही, हे परमिटवरच (कामाच्या लेखी परवानगीवरच) छापा.

त्याच्या आधीचा मे तर त्याहून वाईट. गळणारे पत्रे दुरुस्त करायला माणसं छपरावर चढतात. ॲस्बेस्टॉस सिमेंटचा पत्रा माणसाचा भार घेत नाही, आणि उजेडासाठी बसवलेले पारदर्शक पत्रे उन्हाने कडक होऊन त्यावर शेवाळ चढलं की ओळखूही येत नाहीत. सहा-सात मीटरवरून खाली सिमेंटची फरशी. दरवर्षी होणारं काम, जीव जाण्याची शक्यता, आणि बहुतेक ठिकाणी अडथळा एकही नाही. ‘ते कंत्राटदाराचं काम’ म्हणून ही ओळ नोंदवहीत नसतेच. माझ्या मते तुमच्या यादीत ती अमोनियाच्याही वर जायला हवी. उपाय स्वस्त आहे: फळ्यांची वाट, आधीपासून ताणलेली लाइफलाइन आणि हार्नेस, आणि पाऊस सुरू असताना छपरावर कोणी नाही.

तिसरी जागा ईटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेची टाकी. मासळीचं सांडपाणी साठलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, आणि १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं, म्हणजे ‘वास गेला’ हे सुरक्षित असल्याचं लक्षण नव्हे. वरून घेतलेलं एक रीडिंग पुरत नाही: वर, मध्ये, तळाशी मोजा, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली नको. गाळ ढवळला की आत अडकलेला वायू सुटतो, म्हणून माणूस आत असेपर्यंत वायू मोजणारा मीटर त्याच्या अंगावर चालू हवा. अशा टाक्यांत पहिल्यामागून वाचवायला उतरलेला दुसराही जातो. बाहेर ट्रायपॉड आणि दोर तयार नसेल तर परमिट देऊ नका.

वाऱ्याचंही नोंदवहीत घाला. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून, हिवाळ्यात रात्री बहुधा पूर्वेकडून. गळतीच्या वेळी बाहेर येऊन जमण्याची जागा एकच ठरवली असेल तर काही महिने ती गळतीच्या वाटेवर येते. दोन ठेवा, आणि विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) गेटवरून दिसेल असा लावा.