ग्लायडरला ब्लॅक बॉक्स नसतो, मग अपघात का झाला हे कसं कळतं?

तपास हे माझं काम नाही, मी ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवतो. पण स्वतःच्या फायली उघडून बघायची खोड आहे, त्या जोरावर सांगतो.

आगीत आणि आपटण्यात टिकेल असा ब्लॅक बॉक्स ग्लायडरमध्ये नसतो, हे बरोबर. बहुतेकांत लॉगर, म्हणजे उड्डाणाचा मार्ग जीपीएसने नोंदवणारं छोटं यंत्र, मात्र असतो. तो मुळात स्पर्धा आणि विक्रमांसाठी आला: गडी खरंच त्या ठिकाणाहून वळला का, याचा पुरावा म्हणून. त्याची फाईल 'आयजीसी' या ठरलेल्या साच्यात असते, म्हणजे साधा मजकूर. 'बी'ने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीत वेळ, अक्षांश-रेखांश आणि दोन उंच्या, एक हवेच्या दाबावरची, दुसरी जीपीएसची. टक्कर टळावी म्हणून बसवलेलं फ्लार्मही बऱ्याचदा अशीच नोंद ठेवतं.

पहिली गोम नोंदींमधल्या अंतरात आहे. ताशी ९० किलोमीटरने, ४५ अंश कललेला ग्लायडर साधारण ६४ मीटर त्रिज्येची चक्कर १६ सेकंदांत पुरी करतो. नोंद दर ४ सेकंदांनी होत असेल तर अख्ख्या चकरेचे चारच ठिपके. स्पिन, म्हणजे गरगरत खाली पडणं, कुठे सुरू झाला ते दोन ठिपक्यांच्या मधे हरवतं.

दुसरी गोम वेगाची, आणि ही भल्याभल्यांना फसवते. फाईलमधून निघतो तो जमिनीवरचा वेग. पंखाला कळतो फक्त हवेतला. समजा सरळ उडताना ग्लायडर ताशी ७० किलोमीटरच्या खाली गेला की स्टॉल होतो, म्हणजे पंखाची उचल कोलमडते. ४५ अंशांच्या वळणात तोच आकडा ८३ वर जातो. मागून ३० चा वारा असेल तर फाईल १०५ दाखवते, सगळं आलबेल वाटतं, पण हवेतला वेग उरतो ७५, म्हणजे ८३ च्या खाली. म्हणून आधी वारा काढावा लागतो. थर्मलमधल्या, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेतल्या, चकरा कुठे आणि किती वाहवत गेल्या, त्यावरून तो बऱ्यापैकी निघतो.

हात काय करत होते, हे मात्र लॉगर सांगत नाही. टेकऑफला एअरब्रेक (पंखातून वर येऊन उचल मारणाऱ्या पट्ट्या) नीट लॉक नसले तर फाईलमध्ये नुसती मरतुकडी चढण दिसते. वैमानिकाच्या खांद्यामागे कॅमेरा असेल तर एअरब्रेकची हळूहळू मागे सरकणारी निळी दांडी दिसते, कॅनॉपीवरचा (डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावरचा) हवेची दिशा दाखवणारा लोकरीचा दोरा तिरका झालेला दिसतो, वाऱ्याचा आवाज पडलेला ऐकू येतो. माझ्या मते पैसे घालायचेच तर कॅमेऱ्यात घाला.

आणि वैमानिकाच्या आठवणीवर फार विसंबू नका. एकदा मी धावपट्टीच्या अलीकडे, शेतात उतरलो. 'अचानक जोरदार सिंक (खाली जाणारी हवा) लागलं' असं मी छातीठोकपणे सगळ्यांना सांगितलं. फाईलमध्ये निघालं काय, तर उतरायला वळण्याआधी मी कमी उंचीवर, वाऱ्याबरोबर वाहवत, एक जास्तीची चक्कर मारली होती. ती मला आजही आठवत नाही.

तेव्हापासून माझा लॉगर १ सेकंदावर आहे.