मेट्रोच्या कामाआधी रस्त्यात बोअर मारतात, त्यात खरंच हिरे असतात का? खाणीतलं तंत्रही हेच का?

हो, दोन्ही खरं. बिटच्या, म्हणजे खडक कापणाऱ्या टोकाच्या, तोंडाशी औद्योगिक हिऱ्यांची बारीक कणी धातूत मिसळलेली असते. धातू झिजेल तसे नवे कण उघडे पडतात, म्हणून धार टिकते. बिट मधून पोकळ असल्यामुळे खडकाचा दंडगोल, म्हणजे कोअर, नळीत शिरतो. पाणी बिट थंड ठेवतं आणि चुरा बाहेर काढतं.

१८६० च्या दशकात अभियंता रोदोल्फ लेशो यांनी याची सुरुवात केली, तेव्हा ब्राझीलचे काळे हिरे बसवत. १९५४ मध्ये कृत्रिम हिरा आला. पण माझ्या मते खरी क्रांती १९५८ च्या वायरलाइनची! आधी दर खेपेला सगळे रॉड उपसावे लागत; आता तारेने फक्त कोअर असलेली आतली नळी ओढून काढतात. भुयारी खाणीत जागा अपुरी, शिवाय भोक आडवं किंवा थेट छतातही मारावं लागतं. तिथे नळी पाण्याच्या दाबाने आत ढकलतात.

मुंबईत ताज्या बेसॉल्टचा कोअर लांबच लांब, घट्ट निघतो. झिजलेला टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा खडक, लागला की तुकडे पडतात. १० सेंटीमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या धड तुकड्यांची बेरीज भागिले त्या खेपेची एकूण लांबी, यालाच आरक्यूडी (रॉक क्वालिटी डेझिग्नेशन, म्हणजे खडकाची प्रत सांगणारा आकडा) म्हणतात. बोगद्याला आधार किती द्यायचा, हे ठरवताना हा आकडा लागतोच.