विष मुद्दाम घेतलं की चुकून गेलं, हे डॉक्टरांना कसं कळतं?

रक्त तपासून कळत नाही. कोलिनेस्टरेज (रक्तातलं एक एन्झाइम) कमी आलं म्हणजे ऑरगॅनोफॉस्फेटसारखं कीटकनाशक अंगात गेलं असावं एवढंच, का गेलं ते रिपोर्टमध्ये येत नाही. ते विचारूनच कळतं, आणि आपल्याकडे विचारायची पद्धत फार वाईट आहे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, त्याच हंगामातली गोष्ट. आमची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, दादा सकाळपासून पंप घेऊन आत, शर्ट औषधाने ओलागच्च. संध्याकाळी उलट्या, तोंडातून लाळ, बाहुल्या एकदम बारीक. दवाखान्यात त्याच्याकडे नीट बघायच्या आधी आईला सगळ्यांसमोर विचारलं, घरी भांडण झालं का? कोणत्या घरी होत नाही, तिने रडत रडत मान हलवली आणि केसपेपरवर 'विष प्राशन' पडलं. रात्री अ‍ॅट्रोपिनवर (विषावरचा उतारा) तो कर्जाचं काहीबाही बरळला, तोच पुरावा धरला! अ‍ॅट्रोपिन जास्त झालं की पेशंट बरळतो हे स्टाफला माहीत असतं. ओला शर्ट पिशवीत होता, कोणी मागितलाच नाही.

भाऊजी म्हणाले, माणूस वाचला ना, कागदाचं काय घेऊन बसला. आजही तेच म्हणतात. अहो, तेव्हाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विम्यात फवारणीची विषबाधा बसायची, आत्महत्या बसत नव्हती. दादा गेला असता तर वहिनीचे २ लाख त्या दोन शब्दांनी गेले असते. आणि अशा नोंदीने फवारणीचे बळी मोजलेच जात नाहीत.

विचारायचंच तर पेशंट शुद्धीवर आल्यावर, एकट्याला, परत एकदा विचारा. सुनेच्या उशाशी सासू बसलेली असताना 'चुकून घेतलं' हेच उत्तर येणार, मग तिने स्वतः घेतलं असो की कोणी दिलेलं असो. तोवर 'हेतू अनिश्चित' लिहा, आयसीडी-१० मध्ये (आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत) तशी वेगळी नोंद आहे.

आता रात्री एकटा इंटर्न आणि भरलेला वॉर्ड असतो, हे मान्य. आणि कोणी खरंच घेतलं असेल तर लपवू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तो माणूस तणावाखाली होता असंच धरतात, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ तर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात आलंच नाही. खरं सांगितलं तरच पुढे समुपदेशन मिळतं, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबरही आहे.

पण फवारणीचं असेल तर दारातच 'फवारणी' म्हणा, औषधाचा डबा दाखवा आणि केसपेपर स्वतः वाचा, घरातलं कोणीही 'जाऊ दे' म्हणालं तरी.