वर्षं विकू नकोस

अरे बाबू,

काल सीताबर्डीला तर्री-पोहे खाताना तू खिशातून पेन्शनचे पैसे काढून घ्यायचा फॉर्म 10सी काढलास आणि माझा घास अडकला. बुटीबोरीची नोकरी सोडली, मिहानला नवीन लागायला दोन-तीन महिने आहेत, तोवर पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत पाच वर्षांचं साचलेलं काढून टाकतो म्हणे! वर विचारतोस, "काका, व्हीपीएफ वाढवला तर पेन्शन वाढेल ना?"

नाही वाढत. व्हीपीएफ म्हणजे पगारातून आपल्या मर्जीनं जादा भरलेला पीएफ. त्यात दोन हजार घाल की पाच, ते पीएफच्या खात्यात जातात. व्याज चांगलं मिळतं, जरूर घाल. पण पेन्शनमध्ये जातात ते मालकाच्या हिश्श्यातले 8.33 टक्के, तेही 15,000 पगारापर्यंतच, म्हणजे फार तर 1,250 रुपये. सरकार थोडे घालतं. तुझ्या खिशातला रुपया तिथे जात नाही. तुझ्या हातात असतात ती फक्त नोकरीची वर्षं. ती विकू नकोस.

महिन्याची पेन्शन म्हणजे सरासरी पगार गुणिले वर्षं, भागिले 70. आजच्या तुझ्या 14,000 वर ही पाच वर्षं म्हणजे 58 नंतर मरेपर्यंत महिन्याला हजार रुपये. हसू नकोस. 2014 पासून किमान पेन्शनच हजार आहे, आणि त्यावर महिना काढणारे म्हातारे मी रोज बघतो. दहा वर्षं भरली नाहीत तर तेही नाही.

मी विकली. 2004 मध्ये हिंगण्याची नोकरी सुटली, सात वर्षं झाली होती. सोबतचा म्हणाला, पडून राहून काय उपयोग, काढ. काढले, कूलर घेतला. तीन उन्हाळे चालला. पुढे एकोणीस वर्षं राबलो, तेवढीच मोजली गेली. ती सात असती तर सव्वीस झाली असती, आणि वीस भरली की योजनेत दोन वर्षं वरून धरतात. म्हणजे अठ्ठावीस. मी एकोणीसवर अडकलो, विसाला एक कमी!

काकाला अक्कल नव्हती असं म्हणशील. होती. मुलगी सहा महिन्यांची, मे महिना, टिनाचं छप्पर. तुझी काकू रात्रभर हातपंख्यानं वारा घालायची. कोणीही तेच केलं असतं. पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट घेऊन वर्षं राखता येतात आणि कूलर हप्त्यानंही येतो, हे मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्यानंतर मात्र हट्टाला पेटलो. व्हीपीएफ लावला तो शेवटच्या पगारापर्यंत. लग्नकार्यात उसने घेतले, पण तो बंद केला नाही. काकू अजून त्यावरून बोलते. वरचा मजला त्यातूनच झाला, हे मीही अजून ऐकवतो.

स्वतःच्या पैशानं पेन्शन वाढवायचीच असेल तर अटल पेन्शन घे. आयकर भरणाऱ्यांना ती ऑक्टोबर 2022 पासून बंद आहे, तू भरत नाहीस. पंचविशीत महिन्याला 376 रुपये, साठीनंतर 5,000. तिशीत त्याचेच 577 लागतात. मागच्या दिवाळीतही हेच सांगितलं होतं, तेव्हा "बघू" म्हणालास. काहून बघू?

पण आधी तो कागद फाड. जुन्या कंपनीनं पीएफच्या नोंदीत तुझी नोकरी सोडल्याची तारीख चढवली का बघ. नवीन ठिकाणी जुनाच यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, दे आणि जुन्या खात्याची ट्रान्सफर टाक. रुजू होताना फॉर्म 11 देतील. आधी पेन्शन योजनेत होता का, असं त्यात विचारतात. घाईत पोट्टे "नाही"वर खूण करतात. तू "हो"वर कर, आणि त्याचा फोटो मला पाठव.

तुझा काका