कंपनीने मला 'मेंटल हेल्थ फर्स्ट एडर' केलंय. गप्प गप्प राहणाऱ्या सहकाऱ्याशी बोलू कसं?

तुमचा प्रश्न असा की दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं, बॅज मिळाला, आता टीममधला एक जण कोमेजलेला दिसतोय; त्याच्याशी काय बोलायचं, आणि माझ्या बोलण्याने उलट बिघडलं तर? मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे, हे एडरचं कामही काही वर्षं करतोय, म्हणून लिहितो.

तुम्हाला कुणाला बरं करायचं नाहीये, हे आधी पक्कं करा. 'मेंटल हेल्थ फर्स्ट एड', म्हणजे मनाच्या प्रथमोपचाराचा हा कोर्स २००० साली ऑस्ट्रेलियात बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म या नवरा-बायकोने सुरू केला. गाभा साधा आहे: जवळ जा, नावं न ठेवता ऐका, धीर आणि खरी माहिती द्या, डॉक्टर-समुपदेशकाकडे वळवा, घरच्या-मित्रांचा आधार जोडून द्या. ट्रेनिंगने आपली माहिती आणि हिंमत वाढते, हे अभ्यासांत दिसलंय. समोरच्याचं त्यातून नेमकं किती भलं होतं, याचे पुरावे मात्र अजून तोकडे आहेत. म्हणून बॅजचा फार रुबाब नको.

सुरुवात झोपेपासून करा. "तुला डिप्रेशन आलंय का?" म्हटलं की माणूस बिथरतो. झोप, जेवण, ॲसिडिटी यावर कुणीही बोलतो.

आमच्या लाइनवरचा एक ऑपरेटर एकच पार्ट गेज लावून तीन-तीनदा तपासायचा आणि डबा न उघडता घरी न्यायचा. शिफ्ट सुटल्यावर त्याला गेटबाहेरच्या टपरीवर नेलं.

"झोप होते का रे?"

"होते की."

मी पुढे काही विचारलं नाही. चहा संपत आला तेव्हा तो म्हणाला, "पहाटे तीनला जाग येते सर. मग नाय लागत."

त्यानंतर अर्धा तास तोच बोलला. लोन ॲपवरून घेतलेलं कर्ज, वसुलीवाल्यांचे सासरी गेलेले फोन, बायकोपासून लपवलेलं सगळं. या अर्ध्या तासात जिभेवर फार ताबा लागतो. "अरे, एवढं काय त्यात", "पॉझिटिव्ह राहा", "माझ्या मेव्हण्याचंही असंच झालं होतं" ही वाक्यं आपसूक तोंडाशी येतात. गिळायची.

मग मी सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" याच प्रश्नाला सगळे घाबरतात. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. आडून विचारू नका, "वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?" असं तर नकोच, त्याला उत्तर "नाही"च येतं. "हो" आलं तर पुढे विचारा: कसं, कधी, काही ठरवलंय का. ठरवलं असेल तर त्याला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही, घरच्यांना बोलवायचं, आणि ११२ ला फोन किंवा थेट जवळचं हॉस्पिटल. तिथे गुपित पाळण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि हे आपण त्याला तोंडावर सांगायचं. पोलिसांची भीती घातली जाते म्हणून सांगतो: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरतं.

त्याने "नाही" म्हटलं. मग तिथेच बसून टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावला: १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. नंबर लिहून दिला की तो खिशातच राहतो, सोबत बसून लावलेला फोन लागतो. कर्जाचंही बघावं लागलं. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि ॲपच फसवं असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार होते. हे ऐकून त्याचा चेहरा जेवढा सैल झाला, तेवढा माझ्या कुठल्याही धीराच्या शब्दाने झाला नव्हता. मन आणि पैसा आपल्याकडे वेगळे काढता येत नाहीत. दारूचा विषय निघाला तर पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, त्याचा पत्ता हाताशी ठेवा.

दोन-तीन दिवसांनी पुन्हा चहाला न्या. मुद्दाम चौकशी नको, "झोप कशी आहे?" एवढं पुरे.

आता कंपनीचं. पूर्वीच्या फॅक्टरी ॲक्टात दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी सक्तीची होती. मनासाठी तसं काहीच नव्हतं, त्यामुळे हे पद म्हणजे बऱ्याच ठिकाणी नोटीस बोर्डावरचा फोटो. पहिल्याच आठवड्यात एचआरकडून तीन गोष्टी मेलवर घ्या: कोण काय बोललं हे तुम्हाला कुणी विचारणार नाही, ते अप्रेझलमध्ये येणार नाही, आणि या कामासाठी तुम्हाला शिफ्टमधून वेळ मिळेल. तिसऱ्यावर सगळ्यात जास्त घासाघीस होते. टीम-लीडर तुम्हीच असाल, तर तुमच्या हाताखालच्यांसाठी दुसऱ्या विभागातला एडर मागा. ज्याच्या हातात रजा आणि पगारवाढ आहे, त्याच्यापुढे कुणी मन मोकळं करत नाही.