न्हाणीतलं मशीन माजघरात आण

बेळगावच्या वडगावहून आलेलं पत्र थोडक्यात असं:

"अक्का, माझं वय ४६. घरी दोन माग आहेत. मालक आणि दीर ते चालवतात, मी कांड्या भरते. रात्री चार-चारदा लघवीला उठावं लागायचं, म्हणून महिन्यापूर्वी रक्त तपासलं. मधुमेह निघाला. साखर उपाशीपोटी १६८, जेवणानंतर २५६, आणि तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) म्हणतात ती ८.४. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दिली. घरात कुणाला सांगितलेलं नाही. सासूबाई याच रोगानं गेल्या, आधी अंगठा कापला, मग पाय. त्यांचं सगळं मीच केलं. त्यात मुलीला निपाणीकडचं स्थळ आलंय. गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवते. न्हाणीला कडी लावून साखर मोजायच्या मशीनसाठी दिवसातून सात-आठ वेळा बोट टोचायची. एकाच बोटावर लागोपाठ १४८ आणि १६३ आलं, खरं कुठलं धरू? रात्री अर्धी भाकरी खाऊन झोपले तरी सकाळी आकडा चढलेलाच. मशीनच्या एका पट्टीला वीसएक रुपये पडतात. पट्ट्या संपल्या, तेव्हापासून मशीनला हात लावलेला नाही. गेल्या सोमवारी उपवास होता. दुपारी बाराच्या सुमाराला हात थरथरले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी. भीतीनं झालं असेल म्हणून पडून राहिले. अक्का, मी काय करू?"

अगं, तू अक्का म्हणालीस, म्हणून मीही तुला तूच म्हणते. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा सोमवारपाशी थांबले. आधी तेच बोलते, बाकीचं मागून.

तुझ्या दोन गोळ्यांचे स्वभाव वेगळे आहेत. मेटफॉर्मिन एकटी असली तर साखर धोक्याइतकी खाली सहसा नेत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, आणि तू जेवलीस की उपाशी आहेस हे तिला कळत नाही. तू सकाळी गोळी घेतली असशील, पोटात काही घातलं नाहीस आणि वर कांड्या भरत बसली असशील. थरथर, घाम, अंधारी ही साखर उतरल्याची चिन्हं आहेत. त्या वेळी तपासलं असतंस तर पक्कं कळलं असतं, पण मला तरी ती नुसती भीती वाटत नाही.

पुन्हा असं झालं तर उपवास असो नसो, लगेच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पी. चहाचा चमचा, सपाट भरून. हाताशी मशीन असेल तर तपास, आकडा ७० च्या खाली असेल तर साखर उतरली हे नक्की. मशीन नसेल तर तपासायची वाट बघू नको, आधी साखर घे. १५ मिनिटांनी परत बघ. अजून ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तीन चमचे. बरं वाटलं की भाकरी-भाजी, नाहीतर दूध-पोळी असं काहीतरी पोटभर खा, कारण साखरेचं पाणी फार वेळ टिकत नाही. नंतर डॉक्टरांना हे जसं घडलं तसं सांग, तारीख आणि वेळ धरून. गोळी कमी करायची, बदलायची की वेळ हलवायची हे ते ठरवतील. त्यांच्याशी बोलणं होईपर्यंत उपवास धरू नको. सोमवारी कपिलेश्वराला जात असशील तर जरूर जा, पण जेवून जा.

आता लपवण्याचं. त्या सोमवारी तू मागाशेजारी बेशुद्ध पडली असतीस तर घरच्यांनी काय केलं असतं? मागाच्या खडखडाटात आधी कुणाच्या लक्षातच आलं नसतं. आलं असतं तर कुणी कांदा नाकाशी धरला असता, कुणी तोंडात पाणी ओतलं असतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, ते श्वासनलिकेत जातं. त्याला कुशीवर वळवून लगेच दवाखान्यात न्यायचं असतं, आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत ते तिथल्या डॉक्टरांना सांगायचं असतं. तुझ्या घरात हे कुणालाच माहीत नाही, कारण तुझ्या गोळ्या तांदळाच्या डब्यात आहेत. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा घरात सांगायला हवं. मी हे आर्जवानं सांगते आहे, रागानं नाही.

सांगायची सुरुवात लेकीपासून कर. तुझी सगळी भीती तिच्याभोवती आहे आणि तिलाच काही माहीत नाही, हे मला सोसवत नाही. आईला मधुमेह असला की मुलीला पुढे होण्याची शक्यता जास्त असते हे खरं. पण शक्यता म्हणजे निकाल नव्हे. वजन, चालणं-फिरणं, खाणं यावर पुष्कळ अवलंबून असतं, आणि ज्याला आधी कळलं तो आधी सावध होतो. उद्या तिला दिवस गेले तर तिची साखर वेळेवर तपासायला हवी, घरात कुणाला आहे का हे तिथे हमखास विचारतात. तेव्हा तिला खरं उत्तर देता आलं पाहिजे.

आणि स्थळाचं म्हणशील तर आपल्याकडे निपाणी काय, चिकोडी काय, खानापूर काय, ज्या घरात 'शुगर' नाही असं घर दाखवायला मला पुष्कळ फिरावं लागेल. कन्नड शेजारीण 'सक्करे कायिले' म्हणते, आपण 'शुगर लागली' म्हणतो, चहा मात्र दोघीही बिनसाखरेचा सांगतो. विहिणीला बैठकीत जाहीर करायची गरज नाही, पण लपवून खोटंही वागू नको. कुंद्याची बशी पुढे आली तर "मला गोड चालत नाही, शुगर आहे" एवढं सरळ म्हण. ते ऐकून जे घर मागे सरेल, तिथे लेक द्यायला तुझाही जीव धजायचा नाही.

मालकांना कसं सांगायचं ते तूच मला जास्त चांगलं सांगशील. पण त्यांच्याच आईची सेवा तू केलीस. त्या माणसाला ऐकू दे.

सासूबाईंबद्दल. तुझ्या डोळ्यांसमोर त्यांचा पाय आहे, आणि मशीनवरचा प्रत्येक आकडा तुला तिथे घेऊन जातो. पण बरीच वर्षं साखर चढी राहिली की पायाची जाणीव कमी होत जाते. जखम झाली तरी दुखत नाही, दुखत नाही म्हणून बघितली जात नाही, आणि बघेपर्यंत ती आत गेलेली असते. तू तर रोगाच्या सुरुवातीलाच आहेस. रोज झोपताना दिव्याखाली दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचकी बघ, वाकता येत नसेल तर आरसा धर. मागाच्या खोलीत अनवाणी फिरू नको. डोळ्यांचा पडदा बाहुली मोठी करून एकदा आताच तपासून घे, मग वर्षातून एकदा. लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिनही तसंच. सासूबाईंच्या वेळी हे कुणी सांगितलं होतं का, मला माहीत नाही. तुला मी सांगते आहे.

आता मशीन. मला स्वतःला शुगर लागून ११ वर्षं झाली. पहिल्या वर्षी मी वहीत फक्त चांगले आकडे लिहायची. २१० आला की पान कोरं. तीन महिन्यांनी सरासरी आली ९ च्या वर, आणि डॉक्टरांनी वही आणि रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवून नुसतं माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी समजलं की मी मशीनला काही विचारतच नव्हते, मला त्याच्याकडून शाबासकी हवी होती. तू दिवसाला आठ वेळा टोचत होतीस तेव्हा तूही काही विचारत नव्हतीस. तू घाबरून दार ठोठावत होतीस. म्हणून पट्ट्या संपल्यावर सुटल्यासारखं वाटलं, होय की नाही?

यापुढे बोट टोचण्याआधी एक प्रश्न ठरव. समज, जोंधळ्याच्या भाकरीनं माझी साखर किती चढते? मग एके दिवशी जेवायच्या आधी तपास, दोन भाकऱ्या, पुंडीची भाजी, मटकीची उसळ असं नेहमीचं खा, आणि पहिल्या घासापासून दोन तास मोजून परत तपास. दुसऱ्या दिवशी भाकरीच्या जागी भात, बाकी सगळं तेच. दोन आकड्यांतला फरक बघ. मला वाटतं भाताचा फरक मोठा दिसेल, पण मी सांगून काय उपयोग, तुझं शरीर काय म्हणतं ते महत्त्वाचं. कुणाला भाकरीही चढते, आणि दोनऐवजी दीड खाल्ली की उतरते. पुढच्या आठवड्यात तेच जेवण आणि नंतर येळ्ळूर रोडनं १५ मिनिटं चालणं. वॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला जायला वेळ मिळायची वाट बघू नको, चप्पल घालून दारातून बाहेर पड, पुरे. चाललेल्या दिवसाचा आणि न चाललेल्या दिवसाचा आकडा शेजारी-शेजारी बघितलास की माझ्या सल्ल्याची गरज उरणार नाही.

अशा दोन जोड्या आणि एक उपाशीपोटीचा आकडा, म्हणजे आठवड्याला पाच पट्ट्या. तुझ्या गोळ्यांवर सुरुवातीला जास्त हव्यात का ते डॉक्टरांना विचार. थरथर किंवा घाम आला तर मात्र पट्टीचा हिशेब करायचा नाही. साधारणपणे उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत असावी असं धरतात, तुझ्यासाठी डॉक्टर थोडं वर-खाली सांगतील. तुझी तीन महिन्यांची सरासरी ८.४, म्हणजे मशीनच्या आकड्यांत दिवसरात्रीची सरासरी १९४ च्या आसपास. ७ वर आलीस की ती १५४ होते. ही तपासणी रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते, आणि त्या पेशींचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं असतं, म्हणून ती तीन महिन्यांनी करायची. पुढच्या महिन्यातच करून हिरमुसू नको.

१४८ आणि १६३ मध्ये खरं कुठलं विचारलंस. दोन्ही. घरच्या मशीनला प्रयोगशाळेच्या आकड्यापासून साधारण १५ टक्के इकडे-तिकडे व्हायची मुभा असते. तेवढ्यावरून उपचार बदलत नाही, तेव्हा जीव खाऊ नको. मात्र हात साबणानं धुऊन कोरडे कर. नुकतंच केळं सोललेल्या बोटाची साखर हकनाक जास्त दिसते. बोटाच्या मध्यावर न टोचता कडेला टोच, कमी दुखतं. थेंब येत नसेल तर हात खाली सोडून झटक, दाबून पिळू नको. पट्ट्यांची डबी लगेच घट्ट लाव, आपल्याकडच्या पावसाळ्यात हवेतली ओल त्यांना खराब करते. आणि तुझी सुई दुसऱ्या कुणाला वापरू देऊ नको. घरात कळलं की जाऊबाई "माझी पण बघ गं" म्हणणारच. तिला नवी सुई दे.

सकाळी आकडा चढलेला असतो तो अर्ध्या भाकरीचा दोष नाही. पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं, तेव्हा यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. मधुमेहात ती आवरायला इन्शुलिन कमी पडतं. रात्री उपाशी राहून हे थांबत नाही, आणि ग्लिमेपिराइडवर असताना रात्री अर्धपोटी झोपणं मला अजिबात पसंत नाही. नीट जेव.

गूळ साखरेपेक्षा बरा असं तुला कुणीतरी सांगितलंच असेल. साखर चढवण्याच्या बाबतीत दोघांत फरक धरू नको. चहातला गूळ काढ. उपवासाचा साबुदाणा आणि बटाटाही झपाट्यानं चढवतात. मेथी, कारलं, जांभळाच्या बिया घ्यायच्या तर डॉक्टरांना सांगून घे, पण त्यांच्या भरवशावर गोळी सोडू नको. मेटफॉर्मिननं सुरुवातीला पोट बिघडतं, जेवणानंतर घेतली की बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं. नाही निवळलं तर हळूहळू विरघळणारी गोळी मिळते, तसं विचार. खर्चाची चिंता आहे म्हणून सांगते, प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या माणसांची साखर फुकट तपासतात, आणि जनौषधी केंद्रात याच गोळ्या बऱ्याच स्वस्तात मिळतात.

लग्नात मांडे होतील, तेव्हा एक तुकडा खा. आधी तपास, दोन तासांनी तपास, आणि त्या दिवशी भात सोड.

आज संध्याकाळी माग बंद झाले की लेकीला जवळ बसव. गोळ्या तांदळाच्या डब्यातून काढून चहा-साखरेच्या फळीवर ठेव, मशीन त्यांच्या शेजारी, आणि साखरेचा डबा कुठे आहे, तीन चमचे कधी द्यायचे, हे तिच्याकडून एकदा म्हणून घे. उद्या डॉक्टरांना सोमवारचं सांग. भाकरीचा आणि भाताचा फरक किती आला ते मला लिहून कळव, मी वाट बघते.

तुझी अक्का